टेंपरेचरचा काटा रात्रीच का चढतो? पुरातून वाचलेल्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९९८ सालची. तीन सिलिंडर, पेट्रोल, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), एमएच-१० पासिंग. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे घडलं ते त्या काळच्या कुठल्याही छोट्या गाडीत घडू शकतं. मालक सांगलीच्या गावभागात राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक. गल्लीत त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून इथेही गुरुजीच म्हणतो. गाडी दोनच वाटांवर चालते: दर आठवड्याला पत्नीला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात आणि अधूनमधून तासगावकडे धाकट्या भावाच्या द्राक्षबागेत. दवाखान्याची वेळ चुकवून चालत नाही. त्यामुळे गाडी सुरू होणं ही या घराची खरी गरज आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गुरुजींची गाडी घरासमोरच्या बोळात उभी होती आणि सीटच्या उंचीपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) खोलून वाळवला, सीटा उन्हात टाकल्या, गाळ काढला. बॅटरीची निगेटिव्ह केबल हिरवी पडली होती, तीही बदलली. गाडी चालू झाली आणि पुढची तीन वर्षं चांगली चालली.

मी मिरजेत वाहनांच्या इलेक्ट्रिकल कामाचं शिक्षण देतो. ज्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये हे प्रकरण सुटलं, तिथे माझे विद्यार्थी उमेदवारी करतात. मोजमाप आम्ही मिळून केलं. गुरुजींच्या परवानगीने ते इथे मांडतो आहे, कारण पुरात बसलेल्या गाड्या सांगली, मिरज आणि कृष्णाकाठच्या गावांत आजही फिरतायत.

तक्रार

२०२२ च्या पावसाळ्यानंतर तक्रारी सुरू झाल्या आणि २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत वाढत गेल्या. गुरुजींनी त्या एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. तारीख, वेळ, कुठे, काय झालं, इतकंच. वहीतल्या नोंदींचा गोषवारा असा:

सकाळी सेल्फ जड फिरतो, पण गाडी चालू होते. दवाखान्यातून दुपारी निघताना कधी नुसता ‘कट्’ असा आवाज, तर कधी सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही आणि पेट्रोलचा वास येतो. हेडलाईट पिवळे. बॅटरी दोन-तीन महिन्यांत डाऊन. ॲव्हरेज उतरलं. चोकची (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणाऱ्या पाकळीची) मूठ ओढायला जड झाली. तासगावहून रात्री येताना टेंपरेचरचा काटा वर चढतो, दिवसा त्याच रस्त्यावर चढत नाही.

शेवटची नोंद पुन्हा वाचावी अशी आहे. एप्रिलच्या दुपारी, ऊन डोक्यावर असताना इंजिन तापत नाही आणि रात्रीच्या गारव्यात तापतं, हे इंजिनाच्या स्वभावात बसत नाही. तरी आधीच्या दोन्ही गॅरेजमध्ये या वाक्यातला ‘काटा चढतो’ एवढाच भाग ऐकला गेला.

आधी झालेले उपाय

पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलायला सांगितली. नवी बॅटरी बसवली आणि काही आठवडे गाडी ठणठणीत सुरू होऊ लागली. नवी, पूर्ण भरलेली बॅटरी वाटेतला अडथळा काही दिवस झाकून टाकते, हे अशा प्रकरणांत नेहमी दिसतं. मग ती उतरली. दुकानदाराने चार्ज करून, लोड लावून तपासली आणि ‘बॅटरीत दोष नाही’ म्हणून परत दिली. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

बॅटरी चांगली तर चार्जिंग वाईट असणार, म्हणून पाळी आली अल्टरनेटरची, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या जनित्राची. तो तपासताना चालू गाडीत बॅटरीची वायर काढून इंजिन बंद पडतं का ते पाहिलं गेलं. ही पद्धत अजूनही अनेक ठिकाणी दिसते आणि ती बंद व्हायला हवी. बॅटरी बाजूला झाली की अल्टरनेटरचा दाब (व्होल्टेज) क्षणात उसळतो आणि रेग्युलेटर किंवा डायोड जाऊ शकतो. चांगला अल्टरनेटर तपासणीतच निकामी व्हायचा. गुरुजींच्या गाडीत रिपेअर केलेला दुसरा अल्टरनेटर बसला. त्याच्याच टर्मिनलवर मीटर लावून १४.१ व्होल्ट पाहिले आणि ‘चार्जिंग ओके’ असं सांगितलं. बॅटरीपर्यंत किती पोचतंय ते कुणी मोजलं नाही.

दुसऱ्या गॅरेजने सेल्फचे कार्बन आणि बुश (मोटरमधले झिजणारे भाग) बदलले. काट्यासाठी रेडिएटरचं रॉडिंग केलं (आतल्या नळ्या साफ केल्या) आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. आपल्याकडे थर्मोस्टॅट म्हणजे उष्ण हवेत नको असलेली वस्तू अशी समजूत पक्की आहे. प्रत्यक्षात तो काढला की इंजिन उशिरा तापतं, थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं आणि झीज वाढते. काटा रात्री चढायचा तो चढतच राहिला. त्यानंतर सल्ला मिळाला तो कार्ब्युरेटर खोलून नवं किट टाकण्याचा.

एव्हाना खर्च वीस हजारांच्या पुढे गेला होता. बदललेला प्रत्येक भाग तक्रारीशी जुळत होता, पण तो खराब आहे हे एकदाही सिद्ध झालं नव्हतं.

निर्णयाची वेळ

एप्रिल २०२३ मध्ये गाडी मिस्त्रींकडे आली तेव्हा प्रश्न दुरुस्तीपुरता राहिला नव्हता. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. १९९८ च्या गाडीचं २०१३ आणि २०१८ मध्ये झालं होतं. २०२३ चं तोंडावर होतं. पुन्हा फी, पर्यावरण कर, आरटीओची तपासणी. पुण्यातला मुलगा म्हणत होता, ‘बाबा, भंगारात द्या. मी दुसरी बघतो.’

चार पर्याय समोर होते.

गाडी काढून टाकणं. वय बघता हा सल्ला वावगा नव्हता. पण गुरुजींचा हात या गाडीवर बसला आहे, सत्तरीनंतर नव्या गाडीची सवय लावून घेणं त्यांना नको होतं आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन अजून चांगलं होतं.

पूर्ण वायरिंग नवं करणं. पुरातली गाडी म्हटल्यावर हा सल्ला पहिल्यांदा येतो. या मॉडेलचं नवं वायरिंग बाजारात मिळेना. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं काढून बसवायचं, तर त्याचाही इतिहास माहीत नाही. शिवाय डॅशबोर्ड उतरवून पंचवीस वर्षांचे प्लास्टिक कनेक्टर ओढले की त्यातले काही तुटणारच. एक दोष काढताना पाच नवे जन्माला यायचे.

कार्ब्युरेटर खोलणं. पेट्रोलचा वास, उतरलेलं ॲव्हरेज, काळे प्लग पाहता हा पर्याय सगळ्यात पटणारा वाटत होता. मिस्त्रींचा कल सुरुवातीला इकडेच होता.

आणि चौथा: काहीही न बदलता आधी मोजणं. यात पैसे जात नव्हते, एक दुपार जाणार होती.

चौथा पर्याय ठरला तो वहीमुळे. मिस्त्रींनी ती दोनदा वाचली आणि गुरुजींना विचारलं, ‘रात्री काटा चढतो तवा पेट्रोलचा काटा काय करतो?’ गुरुजी म्हणाले, ‘तो जागेवर असतो.’ ‘आणि लाईट बंद केली तर?’ हे त्यांनी कधी करून पाहिलं नव्हतं. तिथेच गाडी चालू करून हेडलाईट लावले. टेंपरेचरचा काटा हळूहळू वर सरकला. लाईट बंद केले, काटा खाली आला. पाणी तेवढंच गरम, इंजिन तेच.

काट्याचं कोडं

गाडीच्या इलेक्ट्रिकमध्ये प्रत्येक वस्तूला जाणारी वायर दिसते, परतीची दिसत नाही. परतीचा प्रवाह बॉडीच्या पत्र्यातून आणि इंजिनाच्या लोखंडातून जातो. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. त्या दोघांना जोडते ती तांब्याच्या जाळीची पट्टी किंवा जाड काळी केबल. तिलाच गॅरेजमध्ये इंजिनची अर्थ म्हणतात.

टेंपरेचरचा सेन्सर इंजिनवर असतो, त्याची अर्थ इंजिन. डॅशबोर्डवरच्या मीटरची अर्थ मात्र बॉडी. पट्टी चांगली असेल तर दोन्ही ठिकाणं एकाच पातळीवर राहतात. पट्टी खराब झाली की हेडलाईटमधून अल्टरनेटरकडे परतणारा प्रवाह तिथे अडखळतो आणि इंजिन बॉडीपेक्षा एखाद्या व्होल्टने खाली जातं. सेन्सरमधून जादा प्रवाह वाहतो आणि मीटरला वाटतं, इंजिन तापलं. पेट्रोलच्या टाकीतल्या फ्लोटची अर्थ बॉडीवरच असते, म्हणून तो काटा हलत नाही. रात्री लाईट लागतात, म्हणून काटा रात्री चढतो.

एका काट्याने चढायचं आणि दुसऱ्याने जागेवर राहायचं, या फरकामुळे दोष इंजिन आणि बॉडी यांच्या मध्ये आहे इथपर्यंत आम्ही पाना न लावता पोचलो. तरी ही शंकाच होती. ती आकड्यात दिसायला हवी.

मोजमाप

व्होल्टेज ड्रॉपची चाचणी सोपी आहे. जोडणीच्या दोन टोकांवर मीटरच्या दोन पिना ठेवायच्या आणि त्या वाटेने भरपूर प्रवाह वाहत असताना वाचायचं. चांगल्या जोडणीत जवळजवळ शून्य दिसतं. जितके व्होल्ट दिसतील तितके तिथे वाया जातायत.

इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून अर्थला धरली. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मध्ये विश्रांती द्यायची, हेही पाळलं. सेल्फ फिरत असताना मिळालेले आकडे:

बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये: १०.९ व्होल्ट
सेल्फच्या टर्मिनलपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत: ८.१ व्होल्ट
बॅटरी पॉझिटिव्ह ते सेल्फ: ०.३
बॅटरी निगेटिव्ह ते गाडीची बॉडी: ०.१
गाडीची बॉडी ते इंजिन: २.४

पहिल्या ओळीवर थोडं थांबतो. बॅटरी कमजोर असती तर सेल्फ मारताना तिचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेला असता. इथे सेल्फ रडत होता आणि बॅटरी मात्र १०.९ वर आरामात होती. सेल्फ सुस्त आणि बॅटरीचा दाब चढा, असं एकत्र दिसलं की प्रवाह मध्ये कुठेतरी अडला आहे. हा एक आकडा पहिल्याच गॅरेजमध्ये घेतला असता तर बॅटरी बदलली गेली नसती.

परतीच्या पूर्ण वाटेवर ०.२, फार तर ०.३ व्होल्ट पडले तर चालतं. इथे २.५ पडत होते आणि त्यातले २.४ एकाच पट्टीत.

मग गाडी चालू करून, थोडी रेस देऊन, सगळे लाईट लावून चार्जिंग पाहिलं. अल्टरनेटरवर १४.१, बॅटरीवर १२.९. पॉझिटिव्हच्या वाटेत ०.२ जात होते, परतीच्या वाटेत १.० जात होता. १२.९ व्होल्टवर बॅटरी भरत नाही. मिस्त्री गुरुजींना म्हणाले, ‘बॅटरीला बोल लावू नका गुरुजी, ती उपाशी हाय.’

आधी हे कुणाच्या लक्षात का आलं नाही, याचं उत्तर तिथेच मिळालं. माझ्या विद्यार्थ्याने पट्टीवर मीटर कंटिन्युइटीला (वाट अखंड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगला) लावला, बीप वाजला. टेस्ट लॅम्प लावला, पेटला. दोन्ही तपासण्यांत पट्टी पास. पण टेस्ट लॅम्पला अर्धा अँपिअरही लागत नाही आणि सेल्फला शंभराच्या आसपास लागतात. एका सुतळीवर कंदील टांगता येतो म्हणून तिने भरलेली बैलगाडी ओढता येत नाही. पट्टीचा रोध निघतो तो ओहमच्या शंभराव्या भागांत, आणि साध्या मीटरच्या पिनांचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून अर्थची तपासणी नेहमी प्रवाह वाहता ठेवून करायची.

शेवटी जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या बोल्टला लावलं. दुसरं टोक पेट्रोलच्या पायपांपासून लांब ठेवावं. सेल्फ खाडकन फिरला.

इथे मिस्त्री आणि मी यांच्यात मतभेद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, जम्परची चाचणी आधी करावी, दोन मिनिटांत उत्तर मिळतं. माझं म्हणणं, जम्पर ‘अर्थ खराब आहे’ एवढंच सांगतो. बॅटरीकडची केबल, बॉडीवरचा बोल्ट की इंजिनकडची पट्टी, हे मीटर सांगतं. रस्त्यावर गाडी अडली असेल तर त्यांचं बरोबर, गॅरेजमध्ये माझं.

पट्टी आणि केबल

पट्टी काढली तर वरून अखंड, आतून राख. गिअरबॉक्सकडच्या टोकाला लगच्या (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी जाळीचे तंतू हिरवे होऊन तुटले होते, मोजके शिल्लक होते. पुराचं गढूळ पाणी तंतूंमधून लगच्या आत ओढलं जातं आणि तिथून वाळत नाही. बाहेरून धुतलेलं स्वच्छ दिसतं, आत तांबं वर्षानुवर्षं खात राहतं. म्हणून दोष २०१९ मध्ये न दिसता तीन वर्षांनी दिसला.

दुसरी गोष्ट बॅटरीकडे सापडली. मूळ निगेटिव्ह केबलला दोन फाटे होते, एक बॉडीला आणि एक थेट गिअरबॉक्सला. पुरानंतर बसवलेली तयार केबल एकाच फाट्याची होती आणि ती बॉडीला जोडली होती. त्या दिवसापासून सेल्फचा सगळा प्रवाह एकट्या जुन्या पट्टीवर आला. नवी केबल स्वच्छ आणि घट्ट होती, त्यामुळे तिच्याकडे बोट दाखवायला कुणालाच कारण मिळालं नाही. पूर्ण प्रकरणाचं मूळ मला या एका बदलात दिसतं.

दुरुस्ती साधी होती. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल आणली, दोन्ही टोकांना लग दाबून बसवले आणि ती बॅटरी निगेटिव्हपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला नेली. इंजिन आणि बॉडी यांच्यात नवी पट्टी टाकली. बॉडीवरची जागा रंग आणि गंज घासून लखलखीत पत्र्यापर्यंत नेली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावली. क्रम महत्त्वाचा: आधी धातूला धातू भिडवायचा, मग हवा-पाणी रोखायचं.

दुरुस्तीनंतर सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४ आणि सेल्फवर ९.९. बॅटरीचा आकडा आधीपेक्षा खाली गेलेला पाहून विद्यार्थी गोंधळले. आता सेल्फ हवा तेवढा प्रवाह ओढू शकत होता, म्हणून बॅटरी जास्त वाकली. ते निरोगी लक्षण आहे. चार्जिंग सगळ्या लाईटसकट बॅटरीवर १३.८. हेडलाईट पांढरे झाले आणि टेंपरेचरचा काटा लाईट लावले तरी हलेना.

कार्ब्युरेटर खोलायचा की नाही

सेल्फ सुटला, पण गरम इंजिन पकडत नाही ही तक्रार उरली. गाडी तापवून, पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवून पुन्हा मारली. सेल्फ जोरात, इंजिन नाही, पेट्रोलचा वास. मिस्त्री कार्ब्युरेटरच्या बोल्टला पाना लावत होते. तेवढ्यात गुरुजींच्या पत्नी, ज्या बाकावर बसून सगळं पाहत होत्या, त्या म्हणाल्या, ‘अहो, त्या चोकपाशी मागं जळका वास आला होता बघा, प्लास्टिकसारखा.’ वहीत ही नोंद नव्हती. चोक जड झाल्याची होती.

चोकची केबल म्हणजे पोलादी तार आणि तिच्याभोवती पोलादी वेटोळ्यांचं कवच. कवचाचं एक टोक डॅशबोर्डच्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे बॉडीवर. दुसरं कार्ब्युरेटरच्या क्लिपमध्ये, म्हणजे इंजिनवर. जाड पट्टीची वाट बंद झाली तेव्हा सेल्फचा काही प्रवाह या बारीक केबलमधून परतत होता. पोलाद तापलं, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलं. मूठ आत ढकलली तरी चोकची पाकळी अर्धी मिटलेलीच राहायची.

आता वहीतली पहिली ओळ उलगडली. अर्धा चोक सकाळी थंड इंजिनाला मदत करायचा, म्हणून जड सेल्फवरही गाडी चालू व्हायची. दुपारी गरम इंजिनात तोच चोक पेट्रोलचा पूर आणायचा. काळे प्लग आणि उतरलेलं ॲव्हरेजही त्याचंच.

कार्ब्युरेटर न खोलता चोकची केबल बदलली, प्लग साफ केले, थर्मोस्टॅट परत बसवला. एक्सिलेटर आणि क्लचची केबलही काढून पाहिली; त्या शाबूत होत्या. आधी खोललं असतं तर किट पडलं असतं, सेटिंग हललं असतं आणि चोक तसाच राहिला असता.

जाता जाता मागच्या दिव्याचीही अर्थ घासली. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद उजळत होता; तो वेगळा, किरकोळ दोष होता.

परिणाम

पुढचा उन्हाळा आणि पावसाळा गाडी दवाखान्याच्या दारात अडली नाही. नोंदणीचं नूतनीकरण झालं. रात्री तासगावहून येताना काटा जागेवर राहतो, असं गुरुजींनी वहीत लिहिलं आहे.

सगळंच भरून आलं असं नाही. महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट जमतं आणि ते पूर्ण निघत नाही. बाहेरच्या चार्जरवर सावकाश भरल्यावर ती १२.६ व्होल्टवर आली, पण लोडखाली तिची ताकद नव्या बॅटरीइतकी राहिली नव्हती. पुढच्या थंडीत बदलावी लागली. ॲव्हरेज सुधारलं, तरी जुन्या आकड्यापर्यंत गेलं नाही. पायाखालच्या पत्र्यात पुराचा गंज आहे, त्यावर पॅच मारला आहे आणि त्याचं आयुष्य सांगता येत नाही. या गाडीला पाच वर्षं काढायची असतील तर तिला संपवेल तो पत्रा, इंजिन नव्हे, असं माझं मत आहे.

अर्थच्या कामाला लागलेलं सामान आणि मजुरी मिळून खर्च दोन हजारांच्या आत होता.

वेगळं काय करता आलं असतं

२०१९ मध्ये केबल बदलताना जुनी केबल शेजारी ठेवून फाटे मोजायला हवे होते. जी वस्तू काढतो तिच्यासारखीच बसवतो आहोत का, एवढं पाहायला काही क्षण लागतात. पुराच्या दिवसांत गॅरेजसमोर गाड्यांची रांग होती, सामान मिळत नव्हतं, हे खरं. पण नंतर एकदा निवांत वेळी ते काम तपासायची नोंद बिलावर करता आली असती.

नवी बॅटरी पुन्हा उतरली तो दुसरा टप्पा. तिथे ‘बॅटरी की अल्टरनेटर’ असा दोनच उत्तरांचा प्रश्न विचारला गेला. बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या मधली वाट हे तिसरं उत्तर यादीतच नव्हतं. अल्टरनेटरवर आणि बॅटरीवर असे दोन आकडे शेजारी लिहिले असते, तर १४.१ आणि १२.९ मधला फरक बोलला असता.

थर्मोस्टॅट काढण्याआधी रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावून पाहायला हवा होता. काटा वर आणि होज नेहमीइतकाच गरम, म्हणजे शंका मीटरवर घ्यायची.

मालकाचं बोलणं ऐकण्याबद्दल मी विद्यार्थ्यांशी कडक बोलतो. रात्रीचा काटा, जड चोक, जळका वास ही तिन्ही माणसांनी सांगितलेली लक्षणं होती आणि तिन्ही आधीच्या गॅरेजांना उपलब्ध होती. बॉनेट उघडण्याआधी ‘कधी होतं, कधी होत नाही आणि तेव्हा आणखी काय चालू असतं’ हे विचारायला हवं होतं.

ज्यांची गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी होती आणि आज नीट चालते आहे, त्यांच्यासाठी एवढं काम सुचवतो: बॅटरी निगेटिव्हचा बॉडीवरचा बोल्ट, इंजिन किंवा गिअरबॉक्सकडची पट्टी, हेडलाईटच्या मागची अर्थ, डिकीतल्या दिव्यांची अर्थ आणि सीटखालचे कनेक्टर एकदा खोलून घासून घ्या. लगच्या तोंडाशी हिरवं किंवा पांढरं पीठ दिसलं, किंवा केबल वाकवल्यावर आत करकर लागली, तर ती घासत बसू नका, बदला. आणि मिस्त्रींना सेल्फ मारताना बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन एवढा एक आकडा काढून बिलावर लिहायला सांगा. पुढच्या वर्षी तोच आकडा पुन्हा काढला की वाढ झाली का ते कळेल.